दर्शनी बाजू

अंड्यांचे रिकामे खोके टाकू नका,
असा निरोप बाबांनी गल्लीभर दिला.
तिसऱ्या दिवसापासून मिसेस ऑल्डरटन,
कोपऱ्यावरचे दुकानदार गुरनाम,
चर्चमध्ये घंटा वाजवणारा मुलगासुद्धा
दारात करड्या पुठ्ठ्याच्या चळती ठेवू लागले.

बाबा पुठ्ठा कापतात.
अठरा मिलिमीटर लांब, पाच उंच,
खऱ्या विटेचा बारावा हिस्सा.
कडा आईच्या नखं घासायच्या पट्टीने घासतात.
एक वीट दुसरीसारखी दिसता कामा नये, म्हणतात.
चौतीस वर्षं भट्टीतून
एकसारख्या विटा ओढणारा माणूस.

हे घर मी सात वर्षांची असताना केलेलं.
प्लायवूडचं, दुमजली,
पुढची भिंत बिजागरीवर उघडणारी.
आत जिना होता, बोटाएवढी शेगडी होती,
आईच्या जुन्या फ्रॉकचे पडदे होते.
बाहेरून नुसतं लाकूड.
विटा कधी लावायच्या, मी विचारायचे.
बाबा पाळीवरून आलेले, पापण्यांत लाल धूळ,
नळाखाली तळवे धरून उभे.
या घरात विटेचं नाव काढायचं नाही, म्हणायचे.
विटेचा वीट आलेला होता त्यांना.
माझ्या बाहुल्या पन्नास वर्षं
उघड्या लाकडात राहिल्या.

मग भट्टीच्या चारही चिमण्या उडवल्या.
खऱ्या चिमण्या उडवाव्यात तशा, एका टाळीत.
आम्ही दोरीच्या अलीकडे, घडीच्या खुर्च्यांवर.
धूळ खाली बसेपर्यंत बाबा काही बोलले नाहीत.
परतताना बेडफर्डच्या अलीकडे
गाडी थांबवायला सांगितली,
आणि अंडी घेतली. छत्तीस.

या शहराच्या निम्म्या भिंती माझ्या हातून गेल्या,
रचली एकही नाही, असं ते गाडीत म्हणाले.
डोंगरातलं गाव सोडलं तेव्हा एकविसाचे होते,
करार चार वर्षांचा होता.

रचायला शिकवतो नॉर्मन ब्लायथ, निवृत्त गवंडी.
बिस्किटं खातो आणि चुका काढतो.
एक लांब, एक डोकं, पुन्हा एक लांब.
सांध्यावर सांधा आला की भिंत फाटते, दोनातो,
पुठ्ठ्याची असली तरी.
बाबा मान डोलावतात, चिमट्याने वीट उचलतात.
हात थरथरतो, म्हणून
श्वास सोडून झाल्यावरच टेकवतात.

चहाच्या पाण्याने पहिला रंग, मग गेरू,
खिडक्यांच्या वर थोडी काजळी.
दरजांत पोटीन आणि चाळलेली वाळू.
पावसाचं पाणी उतरवायला स्ट्रॉची नळी,
बुटांचा चिखल खरवडायला दाराशी वाकवलेली केसांची पिन.
दार निळं. पत्रपेटीची फट इतकी बारीक
की मी एक तिकीट आत टाकून पाहिलं.
गेलं.

रविवारी आईने चष्मा लावला.
बराच वेळ वाकून पाहिलं.
हे आपलं घर नाही, म्हणाली.
खिडकीखाली रोक्कोने व्हॅन घातली होती
तिथे पिवळ्या विटा आहेत आपल्या.
ती चूक आहे, असुंता.
लाल मिळाल्या नाहीत म्हणून लावलेल्या.
आहे ना पण, आई म्हणाली.

बाबा न जेवता झोपले.

सकाळी टेबलावर ब्लेड उघडं,
लाल पुठ्ठ्याचे सात तुकडे उलटे पडलेले,
आणि खिडकीखाली मोहरीच्या रंगाच्या सात विटा,
अजून ओल्या,
मुद्दाम थोड्या वाकड्या.

आईने बोट न लावता मोजल्या.
आठ होत्या, म्हणाली,
आणि कॉफी ठेवायला गेली.

छपरावर चिमणीची जागा अजून चौकोनी भोक आहे.
मी विचारलं, तर बाबा म्हणाले,
अंडी संपू देत आधी.